उजवा कान

परांचीच्या चौथ्या मजल्यावर, हिरव्या जाळीच्या उजेडात
माझ्यासमोर एक दगडी माकड आहे.
फोर्टातल्या या इमारतीचं पागोळीचं पाणी
त्यानं दीडशे वर्षं तोंडातून ओतलं.
आता तोंड नाही, नुसती पन्हळ उरलीय.
डावा कान शाबूत. उजवा
गेल्या मंगळवारी ब्रशच्या एका फटकाऱ्यानं
माझ्याच ओंजळीत उतरला,
भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा.

मी घाबरले. वाटलं, पगारातून कापतील.
मेहेरनोशबाई शिडी चढून आल्या,
चष्मा कपाळावर ढकलून बघत राहिल्या.
"तू नाही मोडलास गं. मिठानं मोडला."

समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. वारा खारा.
दगडाला भोकं असतात, डोळ्यांना न दिसणारी.
रात्री तो दमट हवा पितो, मिठासकट.
दुपारी पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं
आणि त्या एवढ्याशा खोलीत
त्याचे खडे वाढायला लागतात,
दहा बाय दहात माणसं वाढावीत तसे,
भिंतीला खांदे लावून.
एक दिवस भिंतच बाहेर येते.

पूर नाही, वीज नाही, भूकंप नाही.
मार्चमधली साधी दुपार, खाली कुणीतरी लिंबूपाणी पितंय,
आणि वर
टिच्.

दगड आमच्याकडचाच. मालाडचा, पिवळसर.
आम्हा धोत्र्यांपैकीच कुणी पहारीनं सोडवला असेल.
खाण संपली, खड्डा राहिला. खड्ड्यात पाणी,
पाण्यावर भराव, भरावावर आमची वस्ती.
म्हणजे रोज सकाळी मी
डोंगर होता त्या पोकळीतून निघते
आणि डोंगराच्या तुकड्यापाशी कामाला येते.

बाबा शेवटच्या खाणीवर होते, बावीस वर्षं.
डॉक्टरनं छातीचा फोटो खिडकीला धरला:
पांढरे ठिपके, पहाटेच्या धुक्यासारखे.
काय आहे हे मी विचारलं नाही. घरात सगळ्यांना माहीत होतं.
डोंगर खडी झाला, खडी रस्ता झाली,
आणि जी धूळ कुणाच्याच हिशेबात नव्हती
ती श्वासाबरोबर आत जाऊन बसली.
झिजलेलं नाहीसं होत नाही,
पत्ता बदलतं.
हे मेहेरनोशबाईंनी नाही शिकवलं.

नवा कान बसवायचा नाही, असं ठरलंय.
"गेलं ते गेलं. आहे ते धरायचं."
म्हणून मी कागदाचा ओला लगदा
माकडाच्या गालांना पोटिसासारखा बांधते,
आतलं मीठ ओढून काढायला.
वाळला की सोलायचा. पुन्हा बांधायचा.
खाली पडलेला चुरा पिशवीत, वर तारीख आणि वजन.
सोमवार, एकसष्ट ग्रॅम.

कानामागे, जिथे वारा पोचलाच नाही,
छिन्नीचे घाव अजून ताजे आहेत.
तिरपे, एकाला एक लागून, सात.
आठवा अर्धाच.
कुणी हाक मारली असेल,
किंवा नुसताच हात भरून आला असेल.
त्या आठव्यात माझं बोट बरोबर बसतं.
मी तिथला लगदा जरा जास्त वेळ ठेवते. बाईंना सांगत नाही.

काल चिमूटभर चुरा पदराच्या गाठीत घरी नेला.
बाबांनी तळहातावर घेतला, चोळला,
आयुष्यभर दगड ओळखायचे तसा जिभेला लावला.
"मालाडचा नाही."
"मालाडचाच आहे बाबा."
"होता." खोकला थांबेपर्यंत थांबले.
"खारट लागतोय. ज्याचं मीठ खाल्लं
त्याच्याकडे निघालाय तो."

मग मोरीच्या कडेला उकिडवं बसून
त्यांनी हात धुतले, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून.
आमच्या मोरीचं पाणी नाल्यात जातं,
नाला खाडीत.